मारुतीकाकांची सतरंजी

नांदेड, रविवार, १४ डिसेंबर

आज माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, सुनंदाचा, पश्चिम आफ्रिकी नाचाचा कार्यक्रम झाला. लई भारी नाचली, लिहायला जिवावर येतंय. पण खरी जळाले ते मारुतीकाकांवरून. माझ्या नाचाच्या क्लासात बारा वर्षं ढोलकी वाजवणारे काका आज तिच्याकडं स्टेजच्या मधोमध सतरंजीवर! आणि काय वाजवलं! शेवटी सगळ्या पोरींनी त्यांच्यापुढं वाकून जमिनीला हात लावला. वाजवणाऱ्याला असा मान द्यायची आफ्रिकेतली रीतच आहे म्हणे.

येताना रिक्षात विचारलंच, "काका, माझ्याकडं असं कधी वाजवलं न्हाई?"

"ताई, तिथं पोरी माझ्याकडं बघून नाचतात."

माझ्याकडं त्यांची सतरंजी पोरींच्या मागं, चपलांच्या रॅकपाशी असते. मीच टाकलेली. उद्या पुढं घेते.

सुनंदाला मात्र कळता कामा नये.