पंधरवड्याची सवलत

५ सप्टेंबर
जयसिंगरावांशी करार झाला. धायरीतली जमीन त्यांची, डोकं माझं. सरकारला अठ्ठावीस वर्षं आर्थिक सल्ला दिला, सरकारने ऐकला नाही. आता माझा सल्ला मीच ऐकणार. रिटायरमेंटचा सगळा पैसा जाहिरातीत. अटही मीच घातली: २१ तारखेपर्यंत पाच फ्लॅट बुक झाले नाहीत, तर स्कीम त्यांची, मी बाहेर. त्यांनी तारीख दोनदा विचारली आणि हसत सही केली. माझ्या आत्मविश्वासाचा परिणाम.

८ सप्टेंबर, सकाळी
पितृपक्ष लागला. बाकीचे बिल्डर हातावर हात ठेवून बसलेत. म्हणजे स्पर्धा शून्य! दहा टक्के सूट जाहीर. ग्राहक रॅशनल असतो, हे मी तीन अहवालांत सिद्ध केलंय. बायको म्हणाली, पक्षात लोक चप्पलसुद्धा घेत नाहीत, घर कुठून घेतील? तिचं इकॉनॉमिक्स पहिल्यापासून कच्चं.

११ सप्टेंबर
साइट ऑफिसात एकजण आला. पत्ता विचारायला. असो, फुटफॉल सुरू झाला.

१४ सप्टेंबर
सूट पंधरा टक्के. एका आयटीवाल्या जोडप्याला नकाशातला फ्लॅट फार आवडला. टोकनचं विचारलं, तर म्हणे आईला विचारून सांगतो. एवढा पगार घेऊन आईला विचारणार! देशाचं काही खरं नाही.

१६ सप्टेंबर
उद्योजकाला शोभेल अशी गाडी पसंत केली. कर्जावर. शोरूमवाले उद्याच देत होते. मी म्हटलं, घटस्थापनेला नेतो. यात श्रद्धाबिद्धा काही नाही, पार्किंगची सोय व्हायचीय. बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
शेवटचा दिवस. ऑफिस बंद ठेवलं, घरी वडिलांचं पान होतं. बुकिंग शून्य. मार्केटला समज यायला वेळ लागतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
जयसिंगरावांनी सूट बंद केली, वर भाव वाढवला. दुपारपर्यंत नऊ फ्लॅट गेले. ते जोडपं आईला घेऊन आलं होतं. वाईट वाटलं. फार वाटलं.

जयसिंगराव पेढा देत म्हणाले, "साहेब, स्कीम लई चांगली हाय तुमची. तारीख तेवढी आम्हाला विचारायची."

मग नोकरी देऊ केली. पद: आर्थिक सल्लागार. काम: गिऱ्हाइकांना होम लोनचा हप्ता काढून देणे. विचार करून कळवतो, असं बाणेदारपणे सांगून आलो.

रात्री गाडी कॅन्सल केली. बायकोने विचारलं, मग रुजू कधी होताय?

म्हटलं, दसऱ्याला. दिवस चांगला आहे.