फकिराभाऊंचं यंत्र

१४ जून १९९९, सोमवार
सामान लावून झालं. बदली नाशिकला झाली म्हणून आई कुरकुरत होती, पण मला ही खोली पाहताक्षणी आवडली. मखमलाबादच्या रस्त्याला झेंडूच्या मळ्याकडेला घर. खाली मालकीण गोजराबाई आणि त्यांचे यजमान फकिराभाऊ, वर मी. सकाळी त्यांचे दीर भिमाजी टेम्पोत फुलांच्या पाट्या भरून पंचवटीच्या बाजारात नेतात, त्या आवाजानं जाग येते. शाळा रिक्षानं वीस मिनिटांवर.
टेबलावर माझी चारही बुद्धिबळाची यंत्रं मांडली. पटातच कॉम्प्युटर असतो. सोंगटी घरावर दाबली की त्याला आपली चाल कळते, आणि घराचा लाल दिवा लावून तो त्याची चाल सांगतो. आता पीसी आल्यावर लोक ही भंगारात काढतात आणि मी ती उचलून आणते. एकात वजीर नाही, त्याच्या जागी बाटलीचं बूच आहे.
गोजराबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मी हे खेळते का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

१७ जून, गुरुवार
फकिराभाऊ दुबईत बारा वर्षं वायरमन होते. येताना त्यांनी असंच एक यंत्र आणलं. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते त्याच्यासमोर बसले आणि त्यानंतर बोललेच नाहीत. शरीर धडधाकट, पण कुणाला ओळखत नाहीत, भरवलं तर खातात. डॉक्टर झाले, देव झाले. दिवसभर ओट्यावर खुर्चीत असतात. मी नमस्कार केला, पण त्यांची नजर माझ्या आरपार गेली.
यंत्र मात्र देखणं आहे. सागवानी पट, वजनदार सोंगट्या. खोटं कशाला लिहू, मला हाव सुटली. गोजराबाई म्हणाल्या, "एक डाव खेळा की, बाई. तीन वर्सं कोनी हात नाय लावला त्याला."

२० जून, रविवार
यंत्र वर माझ्या खोलीत आणलं आणि एकतीस चालींत हरले. यंत्रासारखं खेळतच नाही ते. एक प्यादं फुकट देतं आणि मी ते घेईन का, याची वाट पाहत राहतं. सोबत फकिराभाऊंची वही होती. आधीचे शंभरावर डाव त्यांनी जिंकलेले. शेवटची पानं नुसती हरलेली, अक्षर वेडंवाकडं होत गेलेलं.
डाव संपला आणि खाली गलका झाला. फकिराभाऊंनी पाणी मागितलं होतं. गोजराबाई वर येऊन माझे हात धरून रडल्या, मग त्यांनी शेवयांची खीर आणली. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

२८ जून, सोमवार
काल दुसरा डाव हरले. आज वर्गात हजेरी घेताना नावं वाचली, पण एकही चेहरा त्या नावाला जोडता येईना. दोन आठवडे शिकवतेय या मुलींना. दमले असेन.
फकिराभाऊंनी बायकोला नावानं हाक मारली म्हणे.

४ जुलै, रविवार
तिसरा. भाजीला चव नाही म्हटलं. गोजराबाईंनी मीठ वाढलं, पुन्हा वाढलं. मी नुसतं मीठ जिभेवर ठेवलं. काही नाही.
खाली फकिराभाऊ भिमाजींशी फुलांच्या भावावरून बोलत होते.

९ जुलै, शुक्रवार
आता स्पष्ट लिहिते. मी हरले की माझ्यातलं काहीतरी जातं, आणि तेवढे फकिराभाऊ परत येतात. चार डाव झाले. चौथ्यानंतर मला पाढे येत नाहीत. गणित शिकवते मी.
गोजराबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. त्या पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय. तुमची यंत्रं बघितली तवाच मनात आलं. मला माझा मानूस पायजे, बाई. तीन वर्सं भरवलं त्यांला. तुमाला बी भरवीन. उपाशी नाय ठेवनार."
राग यायला हवा होता. आला नाही. तोही गेला असेल.

११ जुलै, रविवार
पळाले. स्टँडवर खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठलं तिकीट. आईचं गाव आठवेना. मागची माणसं ओरडायला लागली. बाकावर बसून राहिले. दुपारी भिमाजी टेम्पो घेऊन आले. त्यांनी माझी पिशवी उचलून पुढे ठेवली. मी बसले.
संध्याकाळी पट मांडलेला होता. नको म्हणायचं ठरवलं होतं. हातानं प्यादं उचललं.

१५ जुलै
फकिराभाऊ जिना चढून आले. पहिल्यांदाच. त्यांनी वायर उपटली, पट उचलून आपटला. सोंगट्या खोलीभर. मग जमिनीवर बसून म्हणाले, "बाई, आता खेळू नका. ह्याच्या आत व्हतो मी. आत काय नाय. अंधार बी नाय. कोनी सोंगटी दाबली की पाठीवर दाब पडतो, तेवढंच कळतं. तीन वर्सं तेवढ्याची वाट पाहिली मी."
ते रडत होते. गोजराबाई खालून हाका मारत राहिल्या.
मी सोंगट्या गोळा केल्या. वायर नव्हती. दिवा लागला.

१८?
सहावा की सातवा. आई आली होती म्हणे. एक बाई आली होती. खूप वेळ माझा हात धरून बसली. कोण ते —
फकिराभाऊ मळ्यात. हसण्याचा आवाज.

रविवार
गोजराबाई घास देतात. तोंड उघडते.
यंत्र खाली नेलं. फकिराभाऊ ते कुणाला देऊ नका म्हणत होते, भांडण झालं. भिमाजींनी कुणाला तरी देऊन टाकलं. लांब. सिन्नरला म्हणे —
पेन धरवत नाही

—
पाठीवर
बोट. गार. मग उचललं
परत. दुसरीकडे
कुणीतरी खेळायला बस