पाठ केलेला तक्ता

प्रिय चिमे,

तुझं पत्र मिळालं. रविवारी तुझ्या छोटीला घेऊन माझ्याच बसने येतेस, आणि तिला माझ्या शेजारी बॉनेटवर बसवायचंय, लहानपणी तू बसायचीस तशी. वाचून आधी हसलो, मग ते पत्र उलटं करून ठेवलं.

आठवतं ना, इंजिनाची ऊब लागून तुला डुलकी यायची, पण घाट सुरू झाला की टक्क जागी व्हायचीस आणि प्रत्येक वळणाआधी ओरडायचीस. मागचे प्रवासी हसायचे. खरं सांगू, मला ही कधी नोकरी वाटलीच नाही. शेवटचं वळण घेतलं की सगळी दरी एकदम समोर येते, तेव्हा एकोणतीस वर्षांनंतरही जीव सुखावतो. तुझी आई म्हणायची, या माणसाचं लग्न स्टिअरिंगशी लागलंय, मी आपली करवली. त्याच रस्त्यावर आपलं घर चाललं, तुझं कॉलेज झालं, आणि सासरही मिळालं ते त्याच्याच दुसऱ्या टोकाला.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. दीड वर्षापासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे नुसतं धुकं आहे. डेपोत दरवर्षी डोळे तपासतात, पण भिंतीवरचा तक्ता वर्षानुवर्षं तोच. चांगल्या डोळ्याने बघून मी सगळ्या ओळी पाठ केल्या आणि यंदा घडाघडा म्हणून दाखवल्या. शेवटची ओळ फाटून गेली होती, तीसुद्धा म्हटली! तपासणाऱ्याचं डोकं रजिस्टरात. नजर तरुण आहे म्हणाला. मीही मिशीत हसलो, गाढव कुठला.

रस्ताही पाठच आहे, म्हणून आजवर निभावलं. पण रस्त्यावरची माणसं कशी पाठ करणार? मंगळवारी तिसऱ्या वळणावर डावीकडे एक सायकलवाला होता. मला तो दिसलाच नाही. कंडक्टर किंचाळला, मी स्टिअरिंग फिरवलं. थांबून मागे पाहिलं तर सायकल आडवी पडलेली आणि तो कठड्याला धरून उभा. वाचला. तेव्हापासून घास तोंडातल्या तोंडात फिरतो. निवृत्तीला सात महिने उरलेत, तेवढे ढकलू, असं मन म्हणतं. त्या मनाचीच मला जास्त भीती वाटते.

काल तुला एक पत्र लिहिलं होतं, की दुसऱ्या बसने ये, माझ्या गाडीला फार गर्दी असते. शुद्ध थाप. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, तुम्हा दोघींना उतरवून बाकीच्यांना मी बसवूनच घेणार होतो. ते पत्र फाडून टाकलं. उद्या साहेबांना खरं सांगायचं ठरवलंय. पण मी भित्रा आहे गं, सकाळी युनिफॉर्म अंगात चढला की जीभ टाळ्याला चिकटेल. म्हणून हे पत्र आत्ताच पेटीत टाकतोय. एकदा तुला कळलं की मला माघार घेता येणार नाही. रविवारी तुमच्या स्टँडवर मी येईन, तिकीट काढून. गाडी दुसरा कुणी चालवेल. छोटीला खिडकीशी बसव, मी तिच्या शेजारी बसतो. वळण आलं की तिने ओरडून मला सांगायचं.

तुझाच,
बाबा