त्रेचाळीस सोमवार

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. "आई, मला माफ कर. पुढच्या आठवड्यात येतेय." दीड वर्षात तुझ्याकडून आलेला हा सगळ्यात लांब मजकूर. एरवी "बरं आहे", "हो", आणि फारच मर्जी झाली तर एक अंगठा. तिकीट काढलं नसशील तर जरा थांब. काढलं असशील तरी विमानात बसायच्या आधी हे पत्र पुरतं वाच. कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायची तुझी खोड आहे, ती आज एवढ्यापुरती आवर.

परवा सकाळी तुला बाबांच्या वेबसाइटचे त्रेचाळीस मेल एकदम आले, तो गोंधळ माझा. पण सुरुवात मी केलेली नाही. ज्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रांवर ती वेबसाइट बारा वर्षं सुखाने नांदत होती, त्या कंपनीने महिन्यापूर्वी कळवलं की आम्ही हे काम बंद करतोय, तीस दिवसांत तुमचं सामान दुसरीकडे हलवा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. वर "आजवरच्या प्रेमाबद्दल आभार". कसलं प्रेम? मी फोन केला. अर्धा तास एक यंत्र मला एक दाबा, दोन दाबा करत राहिलं. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. एवढा वेळ कुणाला ताटकळत ठेवलं असतं तर सुपरवायझरने हेडफोनसकट घरी पाठवलं असतं. शेवटी एक जिवंत माणूस आला आणि म्हणाला, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन द्या. मी म्हटलं, ते आले तर आधी मला हवे आहेत, तुमचा नंबर नंतर. मग त्याने एकेक पायरी नीट सांगितली.

खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक जिन्यात भेटले. म्हणाले, वहिनी, हे तुमचं काम नव्हे. मी म्हटलं, तुमचं तरी कुठे आहे? मग रोज सकाळी बाबांच्या टेबलाशी बसले. पासवर्ड सापडायला दोन दिवस लागले. सुयांच्या डबीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती. तुझं टोपणनाव आणि तुझं जन्मसाल. माझं नाव या घरात कुठल्याच कुलपाला नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते.

नव्या कंपनीकडे जागा घेतली. जुन्या जागेवरून लेख उतरवले, फोटो उतरवले, नव्या जागी चढवले. वेबसाइटचं नाव तेच राहतं, फक्त ते नाव टाइप केल्यावर माणसं कुठल्या पत्त्यावर पोचतात तो पत्ता बदलायचा. हे मला चटकन कळलं. आम्ही तेच करायचो, नंबर तोच ठेवून तार दुसरीकडे जोडायची. सगळं जाग्यावर आलं. तिरपी सुई, घसरणारा पट्टा, तेल कुठे घालावं आणि कुठे मुळीच घालू नये. बाबांनी दुकानात चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली, ती सगळी ओळीने उभी राहिली. मशीनच्या चाकावर बोटं ठेवून ते गरागरा फिरवणारी तू पण एका फोटोत आहेस, पुढचे दोन दात नसलेली.

सोमवारचे लेख तुला ठाऊक आहेत. आजारपणाच्या आठ महिन्यांत पुढच्या तारखा घालून ते लिहीत राहिले, आणि गेल्यावरही दर सोमवारी सकाळी सात वाजता एक लेख येतच राहिला. एक बिघाड, एक उपाय, आणि शेवटी घरच्या दोन ओळी. "आज हिने डॉक्टरांना इंग्रजीतून झापलं. म्हणजे आमचं दुसरं मशीन उत्तम चालू आहे." असलं काहीतरी. तू तिकडे वाचायचीस, मी इकडे. आपण दोघी बोलत नव्हतो, पण सोमवारी सात वाजता एकाच पानावर असायचो. असे किती सोमवार शिल्लक आहेत हे मी मुद्दाम कधी पाहिलं नव्हतं. पाकिटात शेवटची गोळी कुठली ते कशाला मोजायचं?

आणि मग माझ्या शिस्तीने घात केला. सगळं हलवून झाल्यावर एका कोपऱ्यात लिहून आलं: "बाकी – ४३". पाळी संपताना माझ्या बोर्डावर एकही कॉल बाकी राहता कामा नये, हे मी छत्तीस वर्षं पाळलंय. मला वाटलं, एवढी पानं अजून नव्या जागी पोचायची आहेत. सगळ्यांवर खूण केली आणि "प्रकाशित करा" दाबलं. "बाकी"चा आकडा शून्यावर आला. मी समाधानाने उठले, चष्मा पुसला, परत बसले, तेव्हा पडद्यावर त्रेचाळीस सोमवार एकाखाली एक पडलेले. दहा महिन्यांचे बाबा मी एका टिचकीत सांडले. खुर्चीच्या पाठीला त्यांचा स्वेटर अजून आहे, तो हातात घेऊन नुसती बसून राहिले.

बेचाळीस लेख मी पुन्हा आपापल्या सोमवारी नेऊन ठेवले आहेत, न वाचता. तुझ्याकडच्या मेलचं मी काही करू शकत नाही. पण शेवटचा लेख यादीत सगळ्यात वर होता, तो डोळ्यांत शिरला, आणि तुझ्या निरोपावरून उघड आहे की तूही तोच वाचलास. शेवटच्या पानापासून, सवयीप्रमाणे.

"कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे खालच्या बॉबिनला बोल लावतात. दोष असतो वरच्या दोऱ्याच्या ताणात. भिंगरी, तुला वेळेवर कळवलं नाही म्हणून आईला बोल लावू नकोस. मीच तिला फोन करू दिला नाही. तू मला असं पाहू नयेस म्हणून शपथ घातली होती."

बाबांना निरोप दिला त्या दिवशी भरल्या घरात तू मला म्हणाली होतीस, "तुला माहीत होतं आणि तू मला दूर ठेवलंस." सगळ्या जावा-नणंदांसमोर. दीड वर्ष मी त्या वाक्यावर चरफडतेय. म्हणून तो लेख वाचल्यावर पहिला अर्धा तास मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग लेख कधी लिहिला ती तारीख दिसली. ते गेले त्याच्या नऊ दिवस आधीची.

भिंगरी, त्यांनी मला कसलीही शपथ घातली नव्हती. ते जायच्या बारा दिवस आधी डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. बाबाही म्हणाले, तिला फोन लाव. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले आणि आत येऊन सांगितलं, लाइन लागत नाही. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्याच दुपारी त्यांनी लॅपटॉप मागितला. मला वाटलं, नेहमीचा सोमवारचा लेख. तुला दोन ओळी लिहिणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्या लिहिल्या नाहीत, माझं खोटं उघडं पडलं असतं म्हणून. त्याऐवजी हे लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिघाड मुद्दाम चुकीच्या जागी दाखवला. तू आलीस की घरात तुम्ही दोघंच असायचात. मशीन उघडून बसायचात, आणि मी पाळीवरून येऊन दारात चहाचे कप घेऊन उभी, तुमचं हसणं कशावर चाललंय ते कधीच न कळलेली. ते बारा दिवस मला एकटीला हवे होते, म्हणून मी ते तुझ्याकडून घेतले. मिशनच्या शाळेत सिस्टर चूक केलेल्या मुलीला बाकावरून उठवून मोठ्याने सांगायला लावायच्या. मी चौथीत शिकले ते बहात्तराव्या वर्षी करतेय. तू माफी मागून या घरात पाऊल टाकावंस आणि मी ती घ्यावी, एवढी मी अजून घसरलेले नाही. आता यायचं की नाही ते तू ठरव. फोन केलास तर पहिल्या घंटीला उचलेन. लाइन लागत नाही असं या घरातून पुन्हा कुणी म्हणणार नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
आई