आल्ता म्हणजे काय

३ जानेवारी
झालं! नव्या वर्षापासून आमचं गावचं आरोग्य केंद्र आणि शहरातलं मोठं रुग्णालय एकच संस्था. दारावर नवी पाटी, आत तोच गळका नळ. सालेमासाहेब, आता दोन्हीकडचे मुख्य, म्हणाले, "पेशंट खोकल्यापासून ऑपरेशनपर्यंत एकाच छपराखाली!" आमच्या छपराचं आधी बघा म्हणावं.

९ जानेवारी
बेल्मीरुकाका पुन्हा अ‍ॅडमिट. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. वय एक्याऐंशी, बाटल्यांच्या बुचासाठी ओकची साल सोलण्यात हयात गेली. आता हृदय थकलंय. माणूस नाही!

लिस्बनहून लेकीचा, झुल्मीराचा फोन — "एर्मेलिंदाबाई, आणखी एकदा पडले ना, तर वृद्धाश्रमात ठेवणार. जागा सांगून ठेवलीय." तिचंही खोटं नाही. पण काका तिथे महिनाभरसुद्धा टिकायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना.

१६ जानेवारी
काकांना परवाच घरी सोडलंय. मला कळलं आज, तेही पाववालीकडून! धावत गेले, तर स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले. घामाघूम. बीपी पार खाली. पाय उंचावर ठेवून आडवं केलं, तेव्हा सावरले. बीपीच्या गोळ्या पाहिल्या — दुप्पट संपलेल्या.

"काका, हे काय केलंत?"

"डॉक्टरीणच म्हणाली, आल्ता आहे. मग एकाच्या दोन घेतल्या."

हसू की रडू! आमच्या पोर्तुगीजमध्ये आल्ता म्हणजे डिस्चार्ज. आणि चढलेलं बीपी, तेही आल्ताच! ती बिचारी म्हणत होती, घरी जा. ह्यांनी ऐकलं, बीपी चढलंय. मागच्या दोन्ही वेळीही हेच केलं होतं म्हणे. आणि मी बावीस वर्षं नर्स, मला पत्ता नाही! लाज वाटली.

झुल्मीरा फोनवर रडली. म्हणाली, बस झालं आता. मी हातापाया पडून एक महिना मागून घेतला.

२३ जानेवारी
शहरात मीटिंग. सालेमासाहेब अर्धा तास पडद्यावरचे आलेख दाखवत होते. मला राहवेना. उठले आणि आल्ताची गोष्ट सांगितली. आधी सगळे खो-खो हसले. मग कुणीच हसेना.

वॉर्डातल्या ओतीलिया सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, गावाकडे कुणी बघतच नाही ह्यांच्याकडे."

"आणि आम्हाला वाटायचं, तुम्ही हाकलून देता!"

इतकी वर्षं फोनवर भांडलोय, तोंड आज पाहिलं एकमेकींचं! चांगली आहे बाई. ठरलं ते असं — डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्या मला फोन करणार. मी काकांचं वजन दिवसाआड कॉम्प्युटरवर चढवणार, ते तिकडे दिसणार. आणि वॉर्डात आल्ता हा शब्दच बंद. "तुम्ही घरी जाताय", एवढंच म्हणायचं.

१२ फेब्रुवारी
काकांचं वजन दोन किलो वाढलं! पायांवर सूज, म्हणजे अंगात पाणी साठतंय. पूर्वी सरळ अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती. आज दहाला फोन केला, अकराला डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवून दिली. कारण सापडलं कपाटात — खारवलेल्या ऑलिव्हची बरणी. उचलली.

"ऑलिव्ह नेतेस? मग वृद्धाश्रमच बरा!"

१४ फेब्रुवारी
दीड किलो उतरलं. देवा!

१६ फेब्रुवारी
महिना भरला. झुल्मीरा आली. काकांनी स्वतः उभं राहून लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सार केलं, बिनमिठाचं. तिनं दोनदा वाढून घेतलं. जाताना पायरीवर म्हणाली, "जागा महिनाभर राहू देते. मग बघू." काल मला जेवण गेलं नव्हतं, आज भूक लागली.

९ एप्रिल
झुल्मीरानं जागा सोडली! मार्चमध्येच सोडली म्हणे, बापाला आज सांगितलं. काका आता चालत केंद्रात येतात, मला त्यांच्या घरी जायची गरज उरली नाही. आज त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून डिस्चार्जचा कागद भरला आणि बोलून गेले, "काका, माझ्याकडून तुम्हाला आल्ता!" लगेच जीभ चावली.

त्यांचा हात गोळ्यांच्या डबीकडे. "नीट सांग पोरी. बीपी की घरी?"

"घरी, काका."

"मग काय सांगतेस? घरीच तर आहे मी!"