घोट्यावरची रेघ

वैशाली, गाझियाबाद
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय यतीनदादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग.

मागच्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. ‘बाबांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांना काही सापडलं नाही,’ असं मी लिहिलं होतं. सापडलं नाही, कारण आम्ही दाखवलं नाही.

बाकी ठीक. थंडी पडू लागली आहे. लिफ्ट अजून बिल्डरच्या ‘अगले हफ्ते’वरच आहे. बाबा फक्त हॉस्पिटलसाठी तीन मजले उतरतात, तेही प्रत्येक जिन्यात बसत. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू सतराला येणार म्हणून आईने चकल्यांची भाजणी केली आहे.

दादा, बाबांच्या डाव्या घोट्याखाली जखम आहे. दसऱ्याला नवा बूट लागला. साखरेमुळे ती भरत नाही. आईला ठाऊक नाही. संध्याकाळी ती देवळात गेली की मी पट्टी बदलते.

सर्जननी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, अंगावर कुठेही जखम असेल तर लपवू नका. तिथले जंतू नव्या गुडघ्यात पोचले तर बसवलेला सांधा काढावा लागतो. कधी पायही जातो. हे बाबांनी ऐकलं होतं. मीही.

मंगळवारी ज्युनिअर डॉक्टरने पट्टीकडे बोट दाखवलं. बाबा अगदी सहज, मराठीत मला म्हणाले, “मुरगळलाय म्हणून सांग.” भाजीवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर आपण बोलतो ना, त्यांना कळत नाही म्हणून, तसंच. मी म्हटलं, “मोच है, कल ही आई है.” त्याने लिहून घेतलं.

बाबांनी सांगितलं हे खरं, पण बोलले मी. आणि केवळ त्यांच्या धाकाने नाही. डिसेंबरपासून मला गुडगावच्या नोकरीवर जायचं आहे. त्याआधी ते चालते व्हावेत, असं मलाही वाटत होतं. हे लिहायला मला पाच दिवस लागले.

काल मी लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने रेघ काढली. बाबा हसले. म्हणाले, “चौथीपर्यंत घरी मीच शिकवलं तुला. त्यात डॉक्टरकी नव्हती.” आज लाली रेघेच्या दोन बोटं वर आहे. पाय गरम लागतो. मी दाखवलं, तेव्हा त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतला. मग म्हणाले, “ही तारीख गेली तर परत माझी हिंमत व्हायची नाही गं.”

बाबा घाबरतात हे मला माहीत नव्हतं.

एकोणीसचं ऑपरेशन आता होणार नाही. तुझी रजा वाया जाईल. तरीही ये. फोन केला नाही, कारण तू ‘थांब’ म्हणाला असतास तर मी थांबले असते. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलं असेल.

आधी चहाच्या वेळी बाबांना सांगेन, मग आईला. ते रागावले तरी टॅक्सी बोलवीन, आणि सर्जनसमोर ती पट्टी माझ्या हाताने सोडीन. उद्या सकाळी, सोमवारी, नऊ नोव्हेंबरला.

तुझी
उत्तरा