ग्रहण सुटायच्या आधी निघालेला टेम्पो

ताडकळस

व्याही श्री. वैजीनाथराव यांना दिनकरचा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? बोरीत ऊन लय तापायलंय म्हणे, टोपीशिवाय हिंडू नका. इकडं बाळ-बाळंतीण खुशाल हायेत. (माझी खुशाली विचारू नका. या गडबडीत मला कुणी चहासुद्धा विचारंना.)

नात झाल्याचा फोन केला तेव्हा विहीणबाईंनी, ग्रहणात पोरीला उंबऱ्याबाहेर काढलंच कसं, एवढंच विचारलं अन् फोन ठेवला. तेव्हापासून त्या उचलंनात. तुमीबी उचलंनात. म्हणून झालं ते सगळं लिहायलोय; वाचून मग काय राग धरायचा तो धरा.

मी रिटायर झालेला विज्ञानाचा मास्तर. (हे तुमाला माहीत हाय, तरी सांगितल्याबिगर मला राहवत न्हाई.) चंद्रग्रहणाच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर भाषण ठोकलं. प्रतल, कक्षा, प्रच्छाया, उपच्छाया, काही म्हणता काही सोडलं न्हाई. टाळ्या पडल्या. माझी मंडळी कमल पुढंच बसली होती, तिनंबी वाजवल्या. मला वाटलं, गाव सुधारलं! दुसऱ्या दिवशी वेध लागले तशी तीच कमल बाळंतपणाला आलेल्या राजनंदिनीला आतल्या खोलीत बसवून दारात ठाण मांडून बसली. चिरायचं न्हाई, शिवायचं न्हाई, आडवं व्हायचं न्हाई. मी म्हटलं, बसू द्या, पोरीचे दिवस भरायला अजून अवकाश हाय.

अन् दिवस कलायला पोरीच्या अंगावरून पाणी जायला लागलं.

दवाखाना परभणीत. शेजारच्या बजरंगचा टेम्पो दारात, इंजिन चालू, अन् कमल उंबऱ्यात आडवी. म्हणाली, ग्रहण सुटू द्या मग न्या. ओठ फाटलेलं लेकरू झालं तर विहीणबाईला काय तोंड दाखवू? अन् असल्या वेळी मी काय करावं? मी पुन्हा प्रच्छायेपासून सुरू केलं! आतून राजनंदिनी ओरडली, "बाबा, चंद्र कुठं हाय ते ऱ्हाऊ द्या, आधी मला उचला!"

त्या आवाजानं भाषणच विसरलो. कमलला म्हटलं, "अगं, सावली हाय ती. आपल्या धरतीची सावली चंद्रावर पडती, बास. दारातल्या लिंबाची रोज तुझ्या अंगावर पडती, तुझं काय वाईट झालं?"

ती फणकारली. "एवढंच होतं? मग पारावर घंटाभर काय बडबडत होता?"

अन् उठली. पोरीला काखेत धरून तिनंच टेम्पोत चढवलं. (मुठीत तुळशीची पानं घेतली होती. घेऊ द्या.) वाटेत चंद्र उगवला, तांबडा, अर्धामुर्धा. पोरीच्या कळा वाढायल्या, रस्ता तर तुमाला ठाऊकच हाय, अन् बजरंगची नजर आभाळाकडं. कमल खेकसली, वर काय बघतो मुडद्या, खड्डे बघ!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला होता, ग्रहण सुटायची वाट बघत बसला असता तर... पुढचं माझ्यानं लिहवत न्हाई.

नातीचे ओठ एकदम धड हायेत. आवाज तेवढा विहीणबाईंच्या वळणावर गेलाय. घरात थोरांना नमस्कार, ल्हानांना आशीर्वाद.

तुमचा,
दिनकर

ता. क. रविवारी बारसं हाय. पाळणा बांधलाय, पण आत्याशिवाय नाव कुणी ठेवायचं? तुमच्या सविताला धाडा. एवढ्यासाठीच एवढं लिहिलं.

दुसरा ता. क. (हे कमल सांगायलीय, मी नुसता लिहायलोय.) व्याही, यांचं पत्र वाचून दाखवू नका, त्याच्यातबी भाषणच असंल. मी फोन लावीन, तो विहीणबाईजवळ द्या. तोवर त्यांना म्हणावं, तुमच्या भ्यानं मी पोटची लेक दारात अडवली होती. आता तुमी नातीला दारात अडवू नका.